सहीवर कुंकवाचं बोट

रविवार, संध्याकाळ

सातपूरच्या भंगारवाल्याकडे जुन्या संगीतपटातल्या एका गाण्याचं नोटेशन लिहिलेलं पान मिळालं. कोपऱ्यात संगीतकाराने शाईने लिहिलेलं, ‘चि. कुसुमला, गात राहा’, आणि खाली सही. घरी आणून नव्या वस्तूसारखं देवापुढे ठेवलं, ओल्या कुंकवाचं बोट लावलं. नेमकं सहीवर. शाई पसरली.

सहीसाठीच तर घेतलं होतं. आता माझ्या जुन्या नोटेशनांच्या संग्रहात कसं ठेवू?

बायको म्हणाली, “अहो, कुसुमला गायलाच दिलं होतं ना? मग वाजवा. बाकीच्या कागदांना तुम्ही वाराही लागू देत नाही.”

खरंच. भजनाला पेटी वाजवतो, पण जमवलेलं एकही गाणं कधी वाजवलं नाही. सही गेल्याचं वाईट वाटतंच आहे. तरी पान पेटीवर उभं केलं. धृपद अडखळत जमलं. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा ही स्वयंपाकघरातून गुणगुणत होती.