गाळव्यांच्या वेढ्यातली आवडा

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय करुणा,

सप्रेम जय भीम.

मी इथं ठीक आहे. आईचे गुडघे सोडले तर बाकी सगळं बरं आहे. तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या आईला आणि भागूबाई मावशीला माझा जय भीम सांग.

हसू नकोस. नवऱ्यानं बायकोला पत्र लिहायचं म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट झाली. पण फोन केला की तू 'हॅलो' म्हणायच्या आत मागून मावशी विचारते, "कोण, धम्मपाल का? जेवला का म्हणावं." मग तू विचारतेस, जेवलास का. मी म्हणतो, जेवलो. झालं, संपला फोन! म्हणून हे पत्र. प्रेरणा शुक्रवारी शाळेच्या ट्रेनिंगला गंगापूरला येणार आहे, ती तुझ्या हातातच देईल.

परवा तू म्हणालीस, गंगापूरच्या दवाखान्यात बदलीसाठी अर्ज करावा म्हणते. मी म्हणालो, बघ तुला काय बरं वाटतं ते. त्याच्यावर मागून लिहितो. कंपनीत मला आता पहिली शिफ्ट आहे, चारला घरी येतो. तुझी कढीपत्त्याची कुंडी जगली आहे. कुकर मात्र मला जुमानत नाही.

आता खरी खबर. आपला रविवारचा गेम बंद पडलेला नाही. आईला अजून कळत नाही, कागदावर एकेक माणूस काढून आणि फासे टाकून गोष्ट कसली खेळता. अतुल गुलमंडीतलं दुकान भावावर टाकून येतो, वरच्या मजल्यावरून प्रेरणा उतरते, आणि गोष्ट सांगायला नेहमीसारखा मी. तू माहेरी गेल्यावर मी गोष्टीत एक नवीन जनावर काढलं. नाव गाळवे. कुत्र्याएवढे असतात, अंग चिखलात लोळून आलेल्या म्हशीसारखं, डोळे पार डोक्याच्या वर. मे महिन्यात तळ्याचं पाणी उतरल्यावर आपल्या गॅलरीत जो वास येतो ना, तो आला की समजायचं, दलदलीत गाळवे आहेत. एकटा गाळवा काही करत नाही, बिचारा पळून जातो. ते टोळीनं शिकार करतात, आणि टोळीनं आले तरी आधी चावत नाहीत. दोन माणसं सोबत चालली असली की त्यांच्या मधे येतात. एक येतो, मग दुसरा, मग चार. ढकलत ढकलत एकाला बाजूला काढतात. अतुल म्हणाला, "भाऊ, लई बेकार चीज काढली तुम्ही." मला बरं वाटलं.

पण या दोघांनी गाळव्यांना हरवलं, तेही तुझ्या नियमानं. तुझी नाइट ड्यूटी असली की तू दारातून ओरडायचीस, "मी नसताना माझ्या आवडाला कुणी मारलं तर याद राखा!" आज्जीचं नाव दिलेली तुझी गेममधली तिरंदाज, तिला हात लावायची कुणाची हिंमत! मग तो टेबलाचा नियमच होऊन बसला. जो खेळायला बसला नाही त्याच्या माणसाला मारायचं नाही, आणि त्याच्या तोंडी दुसऱ्यानं बोलायचंही नाही. त्यामुळं तुझी आवडा अजून यांच्यासोबत दलदलीतून चालते. तोंडातून एक शब्द नाही, नुसती चालते.

तर हे लबाड काय करतात? गाळवे आले की आवडाला पुढं करतात! "वहिनीला मारता येत नाय ना? मग वहिनी पुढं!" मी दोन-तीन रविवार ऐकून घेतलं. परवा अतुल म्हणाला, आवडाच्या कमरेला दोर बांधू आणि तिलाच पुढं चिखलात सोडू. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "ती काय ढाल आहे का रे? ती इथं नाही म्हणून काहीही करायचं?"

अतुल तरी कुठं ऐकतो. "मग मारा ना तिला. टाका फासा. मोडा तुम्हीच नियम."

मी तुझा तो वीस बाजूंचा निळा फासा उचलला, करुणा. टाकवला नाही. शेवटी म्हणालो, दोर तुटला, गाळव्यांनी आवडाला बाजूला नेलं.

प्रेरणानं विचारलं, "नेऊन काय करतात तिचं?"

ते मी ठरवलंच नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "काही नाही करत. भोवती बसून राहतात. एक डोक्याला तेल लावतो. एक म्हणतो, दोन घास खाऊन घे. एक दारात बसतो, कुणाला आत सोडत नाही."

प्रेरणा उठून चहा ठेवायला गेली. साखर टाकायची विसरली, आम्ही तसाच प्यालो.

कुणाचं चुकलं नाही, हे आधी लिहितो. ऑगस्टात, तुला सातवा महिना असताना आपली मुलगी गेली. बघ, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि बोललो तर अजून एकदाही नाही. तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुझी आई, माझी आई, मावशी, सगळ्या धावून आल्या. त्या नसत्या तर घरात चूल पेटली नसती. पण तू आतल्या खोलीत बायकांमधे आणि मी बाहेर माणसांमधे. आपल्यात तसंच असतं. काका मला सांगायचे, "तिला काही विचारू नको, रडंल ती." अहो, रडू द्या की! मलाही रडायचं होतं. एकदा मी तुझ्यासाठी चहा घेऊन दारापर्यंत आलो. मावशीनं कप हातातून घेतला, "आण, मी देते." मी दिला. तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस, तुला कळलंही नसेल कोण आलं होतं. मग गंगापूरला निघालो तेव्हा जीपमधे मागं तुझ्या दोन्ही बाजूंना तुझी आई आणि मावशी, आणि मी पुढं ड्रायव्हरजवळ. सगळा रस्ता मी आरशात बघत होतो आणि आरशात मावशी दिसत होती.

चहा झाल्यावर मी म्हणालो, आवडाला आणायला मी जातो. अतुल म्हणाला, "तुम्ही कसे जाणार भाऊ? तुमचा माणूसच नाय त्यात." खरंच की! इतकी वर्षं मी नुसती गोष्ट सांगतोय, माझा स्वतःचा माणूस कधी काढलाच नाही. मग मी खुर्ची बदलली. गोष्ट प्रेरणाच्या हवाली केली आणि कोऱ्या कागदावर माझा माणूस काढला. ना तलवार, ना जादू. चिखलात उतरलो तर गाळवे मधे आलेच. मी म्हणालो, "लई केलं तुम्ही तिच्यासाठी. उपकार झाले. आता जरा सरका." प्रेरणानं फासा टाकायला लावला. अठरा पडले. सरकले बिचारे.

आवडाच्या समोर जाऊन उभा राहिलो. विचारलं, "कशी आहेस?"

प्रेरणा म्हणाली, "दादा, तिच्या तोंडी मला बोलता येत नाही."

आम्ही तिघंही तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसलो. गेम तिथंच थांबवला.

आता बदलीचं. 'बघ तुला काय बरं वाटतं ते' म्हणालो ते खोटं होतं. मला अजिबात बरं वाटत नाही. तो अर्ज करू नकोस. तू नाहीस तर घर खायला उठतं. रोज चारला दार उघडताना वाटतं, आतून तुझा आवाज येईल, आणि आई विचारते, "दूध आणलं का रे?"

रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतोय. तुला उचलून आणायला नाही, घाबरू नकोस. तुझ्या आईला सांग, माझ्यासाठी काही करू नका. मावशीला सांग, चहा नको. तू फक्त चप्पल घालून बाहेर ये. आपण दोघंच चालत जाऊ, उसाच्या कडेकडेनं, कुठंही. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. रडायचं असेल तर रड, मी काही समजूत घालणार नाही.

मला मात्र एक गोष्ट बोलायची आहे. आपण दोघांनी तिचं नाव ठरवलं होतं, बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणालो होतो. त्यामुळं ते कुणालाच माहीत नाही. सगळे 'झालं ते झालं' म्हणतात, तिला नावानं कुणी हाक मारत नाही. मी एकदा स्वयंपाकघरात एकट्यानं म्हणून बघितलं. निम्म्यातच थांबलो. ते तुझ्यासोबत म्हणायचंय. एकदा मी म्हणीन, एकदा तू म्हण.

इथं लिहीत नाही. तू आधी कानानं ऐक.

तुझा, आणि तिचा पप्पा,
धम्मपाल