चाकाचा हट्टी नट

शनिवार

पुढच्या उजव्या चाकाचा घूं-घूं आवाज – बेअरिंगच! नवं आणून ठेवलंय. पण ते बदलायचं तर आधी चाकाच्या मधोमधचा मोठा नट सुटायला हवा. तो कसला सुटतो! पाना लावला, लोंबकळले, शेवटी त्यावर उभीच राहिले. पान्याचं सॉकेट फुटलं. मी धपकन खाली.

सासूबाई खिडकीतून – "लागलं का गं? नाही ना? मग हसू का?"

रविवार

नणंदेचा फोन – "वहिनी, गॅरेजला द्या ना सरळ!" पुढच्या शनिवारी तिच्याचकडे जायचंय. नवी नात बघायला सासूबाई उतावीळ झाल्यात. पण हे गेल्यापासून गाडीचं सगळं मीच बघते. आवडतं मला. शाळेत बीजगणित शिकवताना हात स्वच्छ असतात, तेवढं पुरे.

नटावर तेल सोडून ठेवलंय.

मंगळवार

नट ढिम्म! शेजारच्या वेल्डरांकडे पाइप मागायला गेले, पान्याला जोडून लांब करायला. पाइप घेऊन ते स्वतःच आले. दोघांनी जोर लावला – पाइपच वाकला!

"मी घरी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका," म्हणाले. आणि वाकलेला पाइप उगाच न्याहाळत राहिले. बायको गेल्यापासून त्यांच्या घरी सांगायला आहे कोण?

मी चहा टाकला.

गुरुवार

सापडलं! चिखल खरवडून टॉर्चने पाहिलं – नटाची पातळ कड खालच्या खाचेत ठोकून बसवलेली. म्हणजे कुलूप न काढताच आम्ही दार ढकलत होतो! छिन्नीने कड उचलली. चाक फिरू नये म्हणून सासूबाईंना गाडीत ब्रेक दाबून बसवलं.

"पाय काढू नका हं!"

"संसारातून काढला नाही, ब्रेकवरून काढीन होय?"

वेल्डर जाड पाइप घेऊन हजर. न बोलावता. दोघांनी दम धरून रेटलं – कडाक! वाटलं, पुन्हा काहीतरी मोडलं. पण नट फिरला होता. फिरला!! आम्ही लहान पोरांसारखे ओरडलो. सासूबाई मात्र आत घामाघूम – "अगं, काढू का आता पाय?"

शुक्रवार

बेअरिंग वेल्डरांच्या प्रेसवर दाबून बसवलं. नटही नवा टाकला. चक्कर मारून आलो. गाडी मुकी! तिघंही उगाचच हसत होतो.

रविवार

परत आलो. नात गोड. नाक सासूबाईंचं – तिचं काही खरं नाही!

सोमवार

शाळेतून येते तर सासूबाई काठी टेकत वेल्डरांच्या दारातून बाहेर पडताना दिसल्या.

"कुठे गेला होतात?"

"विचारायला. माझ्या सुनेशी लग्न करशील का म्हणून. तो म्हणाला, त्यांना चालणार असेल तर. आता तू बोल."

मला रस्त्यातच रडू फुटलं. एकच अट घातली – तुम्ही माझ्याजवळच राहायचं. मग हो म्हटलं.