दिव्याचं बटण

३ जून
ठमीने आज पुन्हा दिवा चालू-बंद केला. तिला ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घरात हाक मारायची ती अशीच. मी वर बघितलं, ‘थांब’ अशी खूण केली आणि परत फोनमध्ये. लिफ्ट-दुरुस्तीच्या तक्रारी घरून घेते मी. कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं होतं. त्यातच ताईचा निरोप, त्यातच विजेचं बिल, भाचीचे फोटो. मान वर केली तेव्हा ठमी खोलीत निघून गेली होती.

५ जून
कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत तिला जागा मिळतेय. जायचं की नाही, रविवारपर्यंत सांगायचंय. हिचे बाबा म्हणाले, "तिचं तिला ठरवू दे. तू लुडबुड करू नकोस." मी कशाला करतेय लुडबुड! पण पोर जाऊ नये असं वाटतं. घर खायला उठेल.

६ जून
जेवताना फोनवर निरोप आला. लगेच उघडला. ठमीचा — "आई, मी समोर बसलेय."
आधी हसू आलं. मग फोन पालथा ठेवला.

८ जून
इतर घरांत बरं असतं. आई फोनमध्ये डोकं घालून ‘हं, हं’ करते, पोर बोलत राहतं, निभावून जातं. आमच्याकडे डोळे हेच कान. मी मान खाली घातली की तिचं बोलणंच तोडलं. हे मला कळत नाही असं थोडंच आहे? ती एवढीशी होती तेव्हापासून तिच्याशी हातांनी बोलतेय.

मग का करते? आज सुट्टी. कुणी कुठे अडकलेलं नव्हतं, तरी हात फोनकडेच. फोनमधल्या सगळ्यांना उत्तर देता येतं, म्हणून असेल. परवा मेकॅनिक पाठवला, बिल भरलं, फोटोला ‘गोड’ म्हटलं — सगळं एका दमात, केवढी मी कर्तबगार! ठमी मात्र विचारते, "मी मोठी झाल्यावर माझ्याशी कोण बोलेल?" तिला काय सांगू? तिच्या प्रश्नांची मला भीती वाटते.

९ जून, रविवार
फोन कपाटात टाकला आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "विचार काय विचारायचं ते."
"विचारायचं काही नाही. मी जाणार."
"का गं?"
ती कपाटाला टेकून बसली होती. हात सावकाश हलले. "शाळा बघायला गेलो होतो ना, तिथे मी बोलताना सगळे माझ्याकडे बघत होते."
आत फोन थरथरला. पाठीला जाणवला असणार. तिनेच दार उघडून माझ्या हातात दिला. "घे. कुणीतरी अडकलं असेल."
कुणी अडकलं नव्हतं.

२ जुलै
सोडून आलो तिला.

१९ जुलै
व्हिडिओ कॉल. तब्येत छान दिसली. पण नजर सारखी खाली, बोटं फोनवर. मैत्रिणींना काहीतरी लिहीत होती. मी हात हलवत राहिले. उठून इथला दिवा चालू-बंद केला. तिने वर बघितलं नाही.
तिच्या खोलीचं बटण माझ्या हाताशी नाही.