भिंगावरची लाल भुकटी

प्रिय श्रेया,

सकाळपासून तीन कागद लिहून फाडले, हा चौथा. फोन करता आला असता, पण फोनवर मी नुसता "हं, हं" करतो हे तुला ठाऊक आहे. तू नाशिकला सुखात आहेस हे कानावर येतं, बरं वाटतं. इकडं यंदाही पावसानं तोंड दाखवलं नाही. आपल्या घरामागं ज्वारी असायची तिथं सहा मजली इमारती उभ्या राहिल्या आणि नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. एवढ्या लोकांना ते कुठून पाजणार, देव जाणे.

तुझी सासू, म्हणजे आता कसली सासू, पण मला दुसरा शब्द सापडत नाही, चैत्रात अंथरुणाला लागली. दोन्ही किडन्या गेल्या. वैशाखात एक दिवस मला म्हणाली, "ती लग्नाची सीडी लावा की. सार्थक अन् श्रेयाची. एकदा बघू द्या." वाळूजच्या रस्त्यावर आपला सार्थक गेला त्याला सहा वर्षं झाली, एवढ्या दिवसांत तिनं त्या सीडीचं नाव काढलं नव्हतं. मी सार्थकचाच जुना लॅपटॉप काढला. सीडी आत घातली, ती गरागरा फिरली, दोनदा खरखरली आणि पडद्यावर आलं की आत सीडीच नाही.

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, बाकीचं सगळं जळक्या मोटारी उघडून. देवगाव रंगारीत विहिरी आटल्या तशा मोटारी जळायच्याही थांबल्या, म्हणून तर तुमच्याकडं शहरात आलो. पण हात अजून शाबूत आहे. आधी सीडी मऊ फडक्यानं मधून बाहेर अशी पुसली. मग भजनाची दुसरी सीडी घालून पाहिली, तीही वाचेना. म्हणजे खोट सीडीत नाही, यंत्रात. लॅपटॉप बंद करून चालू केला, चार वेळा. औरंगपुऱ्यात एका दुकानात नेला तर तो म्हणतो, "चचा, आजकल सीडी कौन देखता? फेंक देव." मी म्हटलं, तुझ्या दुकानातलं अर्धं सामान फेकण्यासारखंच आहे, ते आधी फेक. रिक्षा करून परत आलो.

तुझी सासू खाटेवरून रोज विचारायची, "लागली का?" मोटार सुधारली नाही म्हणून गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या तरी मला एवढं लागलं नव्हतं.

शेवटी लॅपटॉपचा सीडी ठेवायचा कप्पा पुरता बाहेर ओढला. त्यातच मसुराच्या डाळीएवढं भिंग असतं, सीडी वाचणारं. घड्याळजीची काच डोळ्याला लावली तर भिंगावर लाल भुकटी. मला वाटलं गंज. मग सीडी उलटी केली. वरच्या बाजूला तुमचा दोघांचा फोटो छापलेला आहे ना, त्यात तुझ्या कपाळावर लाल थर, जाड, तडकलेला. सीडी फिरली की त्याची भुकटी उडून भिंगावर बसायची. मी नखानं खरवडायला लागलो तशी ती खाटेवरून म्हणाली, "खरवडू नका. कुंकू हाय ते. मीच लावलंय."

श्रेया, तुला त्या तीन संक्रांती आठवत असतील. गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या की ती तुला म्हणायची, "आत जा, दूध बघ." गॅसवर दूध नसायचंच. तू तरी उठून जायचीस. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो आणि तोंड उघडायचो नाही. मला इतके दिवस वाटायचं, बाई दगडाची आहे. आता म्हणाली, "तिच्या कपाळाला लावायची छाती नाय झाली. बाया काय म्हणतील, भावकी काय म्हणंल. म्हणून बाया गेल्या की दार लावून फोटोला लावायची." तुझं दुसरं लग्न मी बाप म्हणून लावून दिलं तेव्हा ती खोलीतून बाहेर आली नाही आणि तू बंद दाराला नमस्कार करून गेलीस. त्या पुढची संक्रांत मात्र कोरी गेली, हेही तिनंच सांगितलं. राग होता. त्याच्या पुढल्या वर्षी परत लावलं.

कापसानं भिंग पुसलं, वरचं सुटं कुंकू झटकलं, तुझ्या कपाळावरचं राहू दिलं. सीडी लागली. मला वाटलं होतं ती लेकाला बघेल. सार्थक आला की ती डोळे मिटून घ्यायची. तू नाव घेताना मध्येच विसरलीस आणि पदर तोंडाला लावून हसलीस, तिथं म्हणाली, "थांबवा." किती तरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "बोलावता का तिला?" मी म्हटलं, जरा उठून बसायला लागलीस की बोलावू, अशी पाहिली तर पोर घाबरंल. ही चूक माझी. तिची नाही आणि तुझी तर नाहीच.

श्रेया, मंगळवारी सकाळी ती गेली. आदल्या दिवशी शुद्धीत होती. म्हणाली, "मी अहेव चालले. तेराव्याला सवाष्ण जेवू घालाल, तिथं दुसरी कोणी नको. श्रेयाला बसवा. ओटी तिचीच भरा." भावकीतल्या सारजाबाईंनी नाक मुरडलं, "एकदा कपाळ पुसलेली सवाष्ण कशी चालंल?" मी म्हटलं, वहिनी, तुमच्या तेराव्याला तुम्हाला हवी ती बसवा. उभ्या आयुष्यात बायकांच्या मधे बोललो तो एवढाच. आपल्या गल्लीतला बद्रीनाथ नाशिकला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. तेरावा पुढल्या रविवारी. जावईबापूंना घेऊन ये. नाही आलीस तर मी बोल लावणार नाही, तो हक्क आम्ही कधीच घालवला. पण त्या पाटावर मी दुसरी कोणी बसू देणार नाही. ताट वाढून ठेवीन आणि दिवस मावळेपर्यंत वाट बघीन.

तुझाच,
तात्या