पाहुणचाराचं पाकीट

४ जानेवारी
आजपासून बजेट. कन्येने काल जाताना डोळ्यांत डोळे घालून बजावलं. मार्चअखेरपर्यंत पेन्शनमध्ये भागवून दाखव, नाहीतर हा फ्लॅट भाड्याने देऊ आणि तू आमच्याकडे राहायला चल. हे मला ऐकवलं. टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या बाईला, जिच्या एका खाकरण्याने अख्खी शिफ्ट ताठ बसायची.

मी हे घर सोडणार नाही. कारण विचारलं तर सांगेन की इथे ऊन चांगलं येतं.

पद्धत ह्यांचीच वापरायची. हे ऑडिटर होते आणि ऑफिसातलं ऑडिट संपलं की घराचं करत. पेन्शन आली की पैसे पाकिटांत: किराणा, बिलं, औषधं, चैन, पाहुणचार. पाकीट रिकामं झालं की तो विषय पुढच्या महिन्यापर्यंत बंद. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण पाकिटं कपाटात जागच्या जागी आहेत. प्रत्येकावर ह्यांचं ते मुंगीच्या पायांचं अक्षर. 'चैन' सगळ्यांत बारीक.

ठराव: आठवड्यातून एकदा बेकरीतली कॉफी आणि केकचा एक स्लाइस. बस. कॉन्व्हेंटमध्ये सेल्फ-डिनायलचं बक्षीस मला मिळालं होतं. बक्षीस चॉकलेटचं होतं, पण तो मुद्दा नाही.

९ जानेवारी
'चैन' रिकामं. दोष सर्वस्वी बेकरीवालीचा. मी फक्त ब्रेड घ्यायला गेले होते. तिने काचेच्या कपाटात कॉफी-केक अगदी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला होता. हे रोज चाललंय. तक्रार केली तर म्हणाली, कपाट होतं तिथेच आहे. उद्धट.

१० जानेवारी
'पाहुणचार' मात्र गच्च भरलेलं. कोण येतंय इथे? खालच्या मजल्यावरची सीसीटीव्ही येते, पण तिला मी दारातूनच कटवते. बाईला नाव आहे, पण जिन्यावरच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवणाऱ्या बाईला नावाची गरज नाही.

आता ह्यांचे नियम आठवायचे. एक, पाहुण्याला काही कमी पडता कामा नये; पाकीट संपलं तर बँकेतून काढून भरायचं. दोन, पाहुण्याबरोबर घरच्यांनी खाल्लं तर तेही पाहुणचारातच, कारण पाहुण्याला एकट्याला खायला लावणं असभ्य. स्वतःसाठी पेन्सिलीचं टोकही जपून वापरणारा माणूस, पाहुणा म्हटला की राजा व्हायचा.

म्हणजे एका पाहुण्याचाच प्रश्न आहे.

१० जानेवारी, संध्याकाळ
सुटला. हे.

जो माणूस घर सोडून गेला तो घरचा राहिला नाही. परत आला तर पाहुणा. ऑडिटरनेसुद्धा यात खोट काढून दाखवावी.

११ जानेवारी
दोन कॉफी, दोन स्लाइस, पार्सल. ह्यांच्या खुर्चीसमोर एक कप आणि प्लेट मांडली. हे केवळ हिशेबापुरतं. भावनेचा काही संबंध नाही. नंतर त्यांचा स्लाइसही मीच खाल्ला, कारण अन्न टाकणं पाप.

चैन: शून्य. पाहुणचार: सगळं. बजेट म्हणतात ते हे.

१७ जानेवारी
पाहुण्याला एकदा बोलावून पुन्हा न विचारणं वाईट दिसतं. तेव्हा रोज. 'चैन'मध्ये बोट घातलेलं नाही. कन्येने फोनवर विचारलं तेव्हा तसं सांगितलं. ती चकित झाली. होऊ दे.

२३ जानेवारी
स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते. हॉलमधून खोकला. दोन छोटे, एक लांब. बेरीज चुकलेली सापडली की हे असेच खोकायचे.

पाइप असणार. जुन्या इमारतीचे पाइप आवाज करतात. आमच्या पाइपला घसा साफ करायची सवय लागलेली दिसते. प्लंबरला सांगायला हवं. प्लंबरचा खर्च 'बिलं'मध्ये.

२४ जानेवारी
पुन्हा. तसाच, त्याच वेळी. प्लंबरला फोन केला नाही. महाग असतात.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एकच घोस्ट मान्य होता, तोही होली. ह्यांना त्या पदासाठी कोणी विचारलं नसतं.

२ फेब्रुवारी
कॉफी घेऊन आले तर ह्यांच्या प्लेटमधल्या स्लाइसचा एक कोपरा गेलेला. क्रीमच्या बाजूचा नव्हे, मागचा कोरडा. हे नेहमी मागून सुरुवात करायचे. चांगलं शेवटी खायचं म्हणून. आणि शेवटी पोट भरलं म्हणून चांगलं माझ्या प्लेटमध्ये सरकवायचे. मी यावर कित्येकदा चिडले आहे.

घरात उंदीर झालाय. काट्याने खाणारा.

आजपासून त्यांचा स्लाइस मी खाणार नाही. उंदराचं उष्टं कोण खाणार? त्यामुळे माझ्यासाठी दोन आणावे लागतील. एकूण तीन. हा खर्च टाळता येण्यासारखा नाही.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
लँडलाइन वाजला. उचलला. पलीकडे शांतता.

मी आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या आहेत. बंद पडलेली लाइन आणि कोणीतरी गप्प धरून ठेवलेली लाइन यांतला फरक मला झोपेतही कळतो. ही दुसरी होती. मी कडक आवाजात विचारलं, कोण हवंय? उत्तर नाही. म्हटलं, बोलायचं नसेल तर लाइन मोकळी करा. मोकळी झाली नाही. मीही ठेवला नाही. बाहेरचं ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत दोघं तसेच. मान अवघडली.

कॉफी गार झाली. दुसरी केली. पाहुणचार.

१६ फेब्रुवारी
बँकेत गेले. 'पाहुणचार' संपला होता, नियमाप्रमाणे भरला. कॅशियरसमोर सही करताना मानेमागे कोणीतरी वाकून बघतंय असं वाटत राहिलं. मागे वळले. मागे फक्त भिंत.

घरी येऊन ह्यांना स्पष्ट सांगितलं. रिकाम्या खुर्चीला नव्हे, त्या दिशेने. रोज यायचं, खायचं आणि वर आक्षेप घ्यायचा, हे चालणार नाही. लग्न झाल्यापासून एकदा तरी माझ्याबरोबर संध्याकाळची कॉफी प्यायलात का? हे फायलींत, मी शिफ्टमध्ये. निवृत्त झालो तेव्हा हे पाकिटांत. आता वेळ मिळालाय तर गुपचूप बसा.

खोकला आला नाही. खुर्ची मात्र थोडी करकरली. बसताना करकरते तशी.

भीती वाटली का? नाही. दार लावून घेतलं ते वाऱ्यामुळे.

२१ फेब्रुवारी
खुर्चीला उशी घेतली. ह्यांची कंबरदुखी जुनी. कॉफी पावडर वरच्या प्रतीची. दोन नवे कप, कारण जुन्यांपैकी एकाचा कान उडालाय आणि पाहुण्याला तुटका देत नाहीत. खर्च थोडा वाढलाय, पण 'चैन' अजून तसंच. इतका संयम माझ्या वयाच्या किती बायकांत असेल, शंका आहे.

बेकरीवालीने विचारलं, घरी माणसं वाढली का? म्हटलं, वाढली नाहीत, परत आली. ती हसायची थांबली. बरं झालं.

२७ फेब्रुवारी
सीसीटीव्हीने जिन्यात अडवलं. साखरेसारखा आवाज. म्हणाली, संध्याकाळी तुमच्याकडे बोलण्याचा आवाज येतो, कप दोन विसळले जातात, कोणी नातेवाईक आलेत का? मी म्हटलं, तुम्ही तुमचे कप मोजा. वर येऊन विचार केला. तिला दोन कप विसळलेले ऐकू येतात. मी माझा एकच विसळते. ह्यांचा सकाळसाठी ठेवते.

पाइप असणार.

१ मार्च
सीसीटीव्हीने कन्येला कळवलं. कन्येचा फोन. बँकेचंही तिला समजलंय. खात्यावर तिचं नाव आहे हे मी विसरले होते. अर्धा तास आडवळणाने बोलत होती. एकटेपणाचा फायदा घेणारे पुरुष असतात, गोड बोलतात, घरात येऊन बसतात, पैसे काढायला लावतात. मागून जावई हळूच सांगत होता की रागावू नकोस, प्रेमाने विचार.

मग कळलं. त्यांना वाटतंय की मी कोणीतरी ठेवलाय.

अत्यंत संताप आला. फोन ठेवल्यावर आरशात थोडा वेळ पाहिलं. अशक्य म्हणता येणार नाही.

पुढच्या रविवारी दोघं येणार आहेत.

७ मार्च
उद्याची तयारी चोख. 'चैन' टेबलावर सगळ्यांत वर ठेवणार. फेब्रुवारीत भरल्यापासून एक नोट हललेली नाही. पाहिल्याबरोबर तोंडं बंद होतील. पाहुणचाराबद्दल विचारलं तर म्हणणार, पाहुणचार हा संस्कार आहे, त्याचा हिशेब मागायचा नसतो.

संध्याकाळी ह्यांनाही नीट बजावलं. उद्या आतल्या खोलीत थांबायचं. खोकायचं नाही. लेक आली म्हणून बाहेर यायचं नाही. आतून काही उत्तर आलं नाही, पण कबूल असावं.

८ मार्च
लिहून टाकते.

कन्या आली ती सरळ ह्यांच्या खुर्चीत बसली. उशीवर. तिने पाकिटं पत्त्यांसारखी पसरली. 'चैन' दाखवलं. तिने ते उचललंसुद्धा नाही. जावई नव्या कपांकडे बघत होता.

मला वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली नाही, म्हणून कठीण झालं. म्हणाली, पैशाचं जाऊ दे. केकवर उडवले असतील तरी चालेल, वय आहे, खा. पण अनोळखी माणूस रोज इथे येऊन बसत असेल तर मी तुला एक दिवसही इथे ठेवणार नाही. आजच बॅग भरते. मग माझा हात धरला. हात ह्यांच्यासारखाच गार.

"आई, खरं सांग. इथे कोण येतं?"

आतल्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. मी ते लावलं होतं.

सांगितलं असतं तर बॅग. आणि नंतर कुठल्या तरी डॉक्टरची खोली, हळू आवाजात बोलणारा डॉक्टर. नाही सांगितलं तर घर राहतं. आणि घर कशासाठी हवंय, ते मला एकटीला ठाऊक. हिशेब सोपा होता. ऑडिटरची बायको आहे मी.

"कोणी येत नाही," मी म्हटलं. "कधीच कोणी आलं नाही. सगळं मीच खाल्लं."

कन्या रडली, मग हसली. जावई म्हणाला, अहो आई, मग डायबेटिसची टेस्ट करून घेऊ. घर राहिलं. अट एकच, पाहुणचार बंद. ते पाकीट तिने पर्समध्ये घातलं.

दोघं निघाली तेव्हा पाहिलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. वारा नव्हता.

८ मार्च, संध्याकाळ
दोन कप मांडले. कॉफीवर साय धरली. पाइपसुद्धा गप्प.

१२ मार्च
ह्यांना समजावून सांगितलं. ते अधिकृत निवेदन होतं. ऑफिसात तुम्हीही करायचात, कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक. ऑडिटरला हे समजायला हवं. इतका राग धरायचा नसतो. लेकीसमोर दुसरं काय सांगणार होते?

स्लाइस सकाळपर्यंत अख्खा. उंदीर गेलेला दिसतो.

१९ मार्च
फोनचा रिसीव्हर दोनदा उचलून पाहिला. लाइन चालू आहे. कोणी नाही.

बोलवायचं कसं? पाहुणचाराचं पाकीट नाही. घरचे म्हणून या म्हणावं, तर ते नियमात बसत नाही. तरी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सीसीटीव्हीने ऐकलं असेल तर ऐकू दे.

३१ मार्च
मार्चचं बजेट तंतोतंत. किराणा, बिलं, सगळं पेन्शनमध्ये. कन्येने फोनवर अभिनंदन केलं, म्हणाली, बघ, जमलं की नाही. मी म्हटलं, मला जमणारच होतं.

म्हणून आज बेकरीत गेले. एकच स्लाइस. 'चैन'मधून. घरी बसून खाल्ला. गोड लागला नाही, तेव्हा खर्च 'औषधं'मध्ये हलवला. तरी अर्धा उरलाय, क्रीमच्या बाजूचा. तो कुठल्या पाकिटात घालायचा, ते ठरवत बसले आहे.