पुढे ओढलेली सीट

प्रिय वेंडेल,

तुझी लाल कमारो गाडी आज कोठारातून बाहेर काढून घेतली. चाळीस वर्षांची धूळ उन्हात इतकी संथ तरंगत होती, की गाडी तळ्याच्या तळाशी उभी आहे असं वाटलं. ओकच्या झाडावर आपटून चेपलेलं तिचं तोंड अजून तसंच आहे.

मेकॅनिक ऑटिसने आत डोकं घातलं. "सांगाडाच वाकलाय, बाई. मोडीत काढा." मग हसला. "तुमचा भाऊ सहा फुटी ना? सीट इतकी पुढे ओढून गुडघे कुठे ठेवायचा, कानामागे?"

सीट गंजून तिथेच घट्ट बसली आहे.

"त्या दिवशी गाडी मी चालवत होते," मी म्हणाले.

हे मला तेव्हाही सांगता आलं असतं. तू दोष अंगावर घेतलास, बाबांनी तुला घराबाहेर काढलं आणि मी कॉलेजात गेले.

ऑटिसने फडक्याला हात पुसले. "मग काय करू?"

"दुरुस्त करा. इथून, ओहायोहून, भावाकडे मोंटानापर्यंत जाईल इतपत."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. ती गाडी चालवत तुझ्या दारी येईन आणि तोंडानं सांगेन.

तुझी धाकटी बहीण,
लोर्ना