आवाज गेला त्या वर्षीची तुकडी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला स्वतःला तेवढी खात्री नाही. याआधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बँकेतली ठेव धाकट्या भावाला. त्याने त्यातून आधी दात बसवून घ्यावेत. चालढकल पुरे झाली.

२. शिकवणीची खोली, फळा आणि बाके यांपाशी माझं घोडं अडलं आहे. इथे मी एकतीस वर्षं शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना कॉलेजच्या गणितासाठी तयार केलं. मुलांचा खडू अडखळला की मी लगेच पुढची पायरी सांगत असे. शाळेत पैकीच्या पैकी, कॉलेजात पहिल्याच सहामाहीत गटांगळ्या. दोष मी मुलांना दिला.

या भावाची मुलगी, माझी भाची, सगळ्यांत हुशार. तीही नापास होऊन परतली. मी चारचौघांत म्हणाले, "माझं नाव बुडवलंस."

ती म्हणाली, "आत्या, तिथे पुढची पायरी कोणी सांगत नाही गं."

मला ते उलट उत्तर वाटलं. तिने गणित सोडलं, मी तिच्याशी बोलणं. पहिल्या मृत्युपत्रात तिला काहीच ठेवलं नाही.

पुढच्याच वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर आवाज नव्हता. मी नुसती बसून राहायचे. मुलं फळ्यापाशी भांडायची, चुकायची, दोन-दोन दिवस एकाच गणिताला चिकटून असायची. या तुकडीचं वाटोळं झालं, असं मी धरून चालले होते. कॉलेजात तीच तुकडी सगळीच्या सगळी तरली! माझा आवाज परत आला आणि निकाल पुन्हा घसरला. याचा अर्थ काय लावायचा?

त्या तुकडीतली एक मुलगी आता कॉलेजात शिकवते. मागच्या आठवड्यात तिलाच विचारलं. ती हसून म्हणाली, "बाई, त्या वर्षी तुम्ही आम्हाला चुकू दिलंत."

मग बाकीची तीस वर्षं मी मुलांना तयार केलं की पांगळं? खरंच कळत नाही. दुसऱ्या मृत्युपत्रात खोली या मुलीला दिली होती, तिसऱ्यात शाळेला. आता भाचीला देते. तिने तिथे शिकवावं, भाड्याने द्यावी, नाहीतर कुलूप घालावं.

३. भाचीची मी माफी मागते. वकील म्हणतात, "बाई, याचं कलम होत नाही. माफी जिवंतपणी मागतात." म्हणून सही करून थेट तिच्याकडे निघाले आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

सही: शिकवणीच्या बाई
साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका २. वकिलांच्या टंकलेखिका
ठिकाण: वकिलांची कचेरी, पहिला मजला
दिनांक: सोळा, सोमवार, सकाळी अकरा